पेन्शन एकच, हिशेब पन्नास

३१ जानेवारी १९४० या तारखेचा, २२ डॉलर ५४ सेंटचा एक चेक अमेरिकेतल्या व्हर्माँट राज्यात, लडलो नावाच्या छोट्या गावी निघाला. तो आयडा मे फुलर या निवृत्त बाईंच्या नावाचा होता. वकिलाच्या कचेरीत त्यांनी सेक्रेटरी म्हणून नोकरी केली होती. सोशल सिक्युरिटी या नव्या योजनेसाठी त्यांच्या पगारातून तीन वर्षांत जेमतेम २४ डॉलर ७५ सेंट कापले गेले होते. दरमहा मिळणाऱ्या सोशल सिक्युरिटीचा हा पहिलाच चेक. फुलरबाई शंभर वर्षे जगल्या, १९७५ मध्ये वारल्या, आणि तोवर त्यांना एकूण २२,८८८ डॉलर ९२ सेंट मिळाले. त्या काळी अमेरिकेच्या केंद्र सरकारने ही रक्कम पूर्ण करमुक्त ठरवलेली होती. आज त्याच व्हर्माँटमध्ये निवृत्त माणसाचे उत्पन्न ठरावीक मर्यादेच्या वर गेले की राज्य सरकार सोशल सिक्युरिटीवर कर घेते. नदीपलीकडचे न्यू हॅम्पशायर घेत नाही.

भारतातल्या वाचकाला हा प्रकार मुळापासून समजून घ्यावा लागतो, कारण आपल्याकडे तो नाही. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीने शेती सोडून बाकी उत्पन्नावरचा कर केंद्राकडे दिला आणि शेतीच्या उत्पन्नावरचा राज्यांकडे. महाराष्ट्र सरकार नोकरदारांकडून व्यवसाय कर घेते, पण त्याला घटनेनेच वर्षाला २,५०० रुपयांचे बंधन घातले आहे, आणि पासष्टी ओलांडलेल्यांना तोही माफ आहे. म्हणून पुण्याहून पणजीला किंवा इंदूरला राहायला गेलेल्या पेन्शनराच्या प्राप्तिकरात रुपयाचाही फरक पडत नाही. अमेरिकेत पडतो, आणि कधी कधी तो वर्षाला हजारो डॉलरचा असतो. तिथे विस्कॉन्सिनने १९११ मध्येच आधुनिक धर्तीचा राज्य प्राप्तिकर आणला. केंद्राला प्राप्तिकराचा अधिकार देणारी घटनादुरुस्ती मंजूर झाली ती त्यानंतर दोन वर्षांनी. उत्पन्नावर कर लावण्याचा हक्क तिथली राज्ये आपला स्वतःचा मानतात. तो कसा वापरायचा हे प्रत्येक विधिमंडळ आपापले ठरवते.

१९६५ च्या इमिग्रेशन कायद्यानंतर अमेरिकेत गेलेली मराठी माणसांची पहिली मोठी पिढी आता सत्तरी-ऐंशीत आहे. पुढची पिढी, म्हणजे नव्वदच्या दशकात कॉम्प्युटरच्या नोकऱ्यांसाठी गेलेली, निवृत्तीच्या उंबरठ्यावर आहे. अशा घरांतून एक प्रश्न हमखास निघतो: ‘कुठल्या राज्यात टॅक्स नाही?’ प्रश्न साहजिक आहे, पण नुसत्या राज्याच्या नावाने त्याचे उत्तर मिळत नाही. पैसा कुठल्या खात्यातून आला, तुमचे वय काय, वर्षाचे एकूण उत्पन्न किती, नोकरी सरकारी होती की खासगी, एखाद्या राज्यात तर जन्म कुठल्या सालचा, यावर तो कर ठरतो. माणसाची गरज किती, हा प्रश्न या यादीत फार खाली येतो. माझ्या मते या सगळ्या व्यवस्थेतला खरा दोष तोच आहे.

आधी पैशांचे प्रकार पाहू. अमेरिकेतल्या सर्वसाधारण निवृत्त जोडप्याकडे तीन-चार ठिकाणांहून पैसे येतात. एक सोशल सिक्युरिटी. दुसरी जुन्या पद्धतीची पेन्शन, जी आता मुख्यतः सरकारी नोकर, शिक्षक, पोलीस यांनाच उरली आहे. तिसरी ४०१-के आणि आयआरए ही बचतखाती. आयआरए १९७४ च्या कायद्याने आले आणि ४०१-के १९७८ च्या कायद्यातल्या त्या क्रमांकाच्या कलमातून. यात पैसे घालताना कर लागत नाही, काढताना लागतो, आणि ठरावीक वयानंतर (सध्या ७३) दरवर्षी काही रक्कम काढावीच लागते. रॉथ खात्यात नेमके उलट: घालताना कर भरायचा, काढताना नाही. चौथे म्हणजे व्याज, लाभांश, घरभाडे, शेअर विकून झालेला नफा. लोक या सगळ्याला मिळून ‘रिटायरमेंट इन्कम’ म्हणतात. राज्याचा कायदा मात्र यातल्या प्रत्येकाला वेगळ्या कप्प्यात टाकतो, आणि एका कप्प्याला माफी म्हणजे दुसऱ्यालाही माफी असे मुळीच नाही.

सोशल सिक्युरिटीवरचा कर आला कुठून, तर वॉशिंग्टनहून. १९८३ मध्ये योजनेची तिजोरी रिकामी व्हायला आली तेव्हा संसदेने दुरुस्ती केली आणि १९८४ पासून अर्ध्यापर्यंतची रक्कम करपात्र धरायला सुरुवात केली. एकट्या व्यक्तीचे उत्पन्न २५,००० डॉलरच्या वर किंवा जोडप्याचे ३२,००० च्या वर असेल तरच हा नियम लागू. हे उत्पन्न मोजताना बाकीच्या कमाईत सोशल सिक्युरिटीची निम्मी रक्कम मिळवायची. १९९३ च्या कायद्याने आणखी एक पायरी चढवली: ३४,००० आणि ४४,००० च्या वर गेल्यास ८५ टक्क्यांपर्यंत रक्कम करपात्र.

आता यातली मेख. हे चारही आकडे महागाईला बांधलेले नाहीत. करांचे टप्पे दरवर्षी महागाईप्रमाणे वर सरकतात, सोशल सिक्युरिटीही वाढते, पण १९८४ चे २५,००० आजही २५,०००च आहेत. सुरुवातीला लाभार्थ्यांपैकी दहा टक्क्यांहून कमी लोकांना हा कर लागत होता, आता साधारण निम्म्यांना लागतो. यासाठी संसदेला नवा कायदा करावा लागला नाही, मतदान घ्यावे लागले नाही. एक मर्यादा न हलवता ठेवली आणि चाळीस वर्षांत ती आपोआप मध्यमवर्गाच्या गळ्याशी आली. म्हाताऱ्या माणसांवर कर वाढवण्याची ही पद्धत मला अन्यायाची वाटते, कारण तिची जबाबदारी कोणावरच येत नाही. २०२५ च्या जुलैत झालेल्या कायद्याने ६५ वर्षांवरच्यांना २०२५ ते २०२८ या चार वर्षांसाठी माणशी ६,००० डॉलरची जादा वजावट दिली. सोशल सिक्युरिटीवरचा कर गेला, असा त्याचा गवगवा झाला. तो गेलेला नाही. ती उत्पन्नाची मर्यादा असलेली, मुदतीची वजावट आहे, आणि बहुतेक राज्यांच्या हिशेबात ती धरलीच जात नाही.

धरली जात नाही याचे कारण हिशेबाच्या रचनेत आहे. बहुतेक राज्ये आपला कर काढताना केंद्राच्या फॉर्मवरचा ‘ॲडजस्टेड ग्रॉस इन्कम’ हा एक आकडा उचलतात आणि तिथून पुढे आपापली बेरीज-वजाबाकी करतात. नवी वजावट त्या आकड्याच्या नंतर येते, म्हणून राज्यापर्यंत पोचत नाही. सोशल सिक्युरिटीचा करपात्र भाग मात्र त्या आकड्यात आधीच मिसळलेला असतो. राज्याने काहीच केले नाही तर त्यावर राज्याचा कर आपसूक लागतो. माफी द्यायची तर विधिमंडळाला तशी तरतूद करावी लागते. बहुतेकांनी ती केली. उरलेलीही एकामागून एक करत आहेत. नॉर्थ डकोटाने २०२१ मध्ये, तर मिसुरी, नेब्रास्का आणि कॅन्ससने २०२४ मध्ये हा कर उठवला. वेस्ट व्हर्जिनियाने तो तीन हप्त्यांत कमी करत २०२६ पासून पूर्ण काढला. आता आठच राज्ये उरली: कोलोरॅडो, कनेटिकट, मिनेसोटा, मॉन्टाना, न्यू मेक्सिको, ऱ्होड आयलंड, युटा आणि व्हर्माँट. यांतही बहुतेक ठिकाणी बेताचे उत्पन्न असलेल्याला सूट आहे. न्यू मेक्सिकोत जोडप्याचे उत्पन्न दीड लाख डॉलरपर्यंत असेल तर काहीच लागत नाही. कोलोरॅडोत पासष्टीनंतर पूर्ण माफी आहे. म्हणजे आठांच्या यादीत नाव आहे म्हणून घाबरून जाण्याचेही कारण नाही.

आता ‘टॅक्स नसलेली’ राज्ये. अलास्का, फ्लोरिडा, नेव्हाडा, साउथ डकोटा, टेनेसी, टेक्सस, वायोमिंग, वॉशिंग्टन आणि न्यू हॅम्पशायर. न्यू हॅम्पशायर व्याज-लाभांशावर कर घेत असे, तो २०२५ पासून बंद झाला. वॉशिंग्टन राज्याने मोठ्या भांडवली नफ्यावर २०२२ पासून कर बसवला आहे, पण निवृत्तीच्या खात्यांना आणि घरविक्रीला तो लागत नाही. या नऊ राज्यांना सरकार चालवायचेच असते, तेव्हा पैसा दुसरीकडून येतो. टेनेसीत विक्रीकर इतका आहे की राज्याचा आणि स्थानिक मिळून नऊ टक्क्यांच्या वर जातो, आणि किराण्यावरही राज्य चार टक्के घेते. टेक्सस आणि न्यू हॅम्पशायरमध्ये घरपट्टी जबर आहे. टेक्ससने निदान एक चांगली सोय केली आहे: घरमालक ६५ वर्षांचा झाला की त्याच्या राहत्या घराच्या घरपट्टीतला शाळांचा भाग त्या वर्षीच्या रकमेवर गोठतो, पुढे घराची किंमत कितीही वाढली तरी.

याहून कमी माहीत असलेला गट आहे तो प्राप्तिकर घेणारा, पण निवृत्तीचा पैसा सोडून देणारा. इलिनॉयमध्ये पगारावर सरसकट ४.९५ टक्के कर आहे. सोशल सिक्युरिटी, पेन्शन, ४०१-के, आयआरए यांवर शून्य. शिकागोच्या उपनगरात सत्तर वर्षांचे आजोबा वर्षाला ९०,००० डॉलर पेन्शन घेतात आणि राज्याला काही देत नाहीत. त्यांच्याच शेजारी त्याच वयाच्या आजी, पेन्शन नाही म्हणून दुकानात काउंटरवर उभ्या राहून ३०,००० कमावतात, त्या देतात. मिसिसिपीही निवृत्तीचे पैसे सोडून देते, आयोवा २०२३ पासून ५५ वर्षांवरच्यांना माफी देते. पेन्सिल्व्हेनियाचा दर ३.०७ टक्के, आणि तिथेही वयानुसार निवृत्त झालेल्याच्या पेन्शनला कर नाही. पण तिथली एक गोष्ट मुद्दाम लक्षात ठेवण्यासारखी आहे. नोकरदार आपल्या पगारातून ४०१-के मध्ये पैसे घालतो तेव्हा बाकीची राज्ये त्यावर कर घेत नाहीत, पेन्सिल्व्हेनिया घेते. म्हणजे कर आत जातानाच वसूल झालेला असतो, म्हणून बाहेर येताना माफी. फिलाडेल्फियात तीस वर्षे नोकरी करून म्हातारपणी पैसे काढताना कर घेणाऱ्या राज्यात मुलाकडे राहायला गेलेल्या माणसावर त्याच डॉलरवर राज्याचा कर दोनदा भरायची पाळी येऊ शकते.

न्यू जर्सी मात्र जरा जवळून पाहायला हवे, कारण मराठी घरे तिथे खूप आहेत आणि नियमही गुंतागुंतीचा आहे. न्यू जर्सी सोशल सिक्युरिटी मोजतच नाही. वयाची ६२ पूर्ण झालेली असतील आणि जोडप्याचे एकूण उत्पन्न १,००,००० डॉलरच्या आत असेल, तर पेन्शन आणि खात्यांतून काढलेली पूर्ण रक्कम वगळता येते. १,००,००१ पासून सव्वा लाखापर्यंत निम्मीच वगळता येते, तिथून दीड लाखापर्यंत पाव, आणि दीड लाखाच्या वर काहीच नाही.

समजा, एडिसनमधले पासष्टीपुढचे एक जोडपे आहे. दोघांची मिळून सोशल सिक्युरिटी ५२,०००, ४०१-के मधून ९५,००० काढले, बँकेचे व्याज ४,०००. न्यू जर्सीच्या दृष्टीने उत्पन्न ९९,०००. त्यातले ९५,००० वगळले, उरले चार हजार, राज्याचा कर शून्य. त्याच वर्षी छत गळायला लागले म्हणून त्यांनी खात्यातून आणखी ६,००० डॉलर काढले. उत्पन्न झाले १,०५,०००. आता १,०१,००० पैकी निम्मेच, ५०,५०० वगळता येतात. उरले ५४,५००. दोघांच्या आणि दोघांच्या वयाच्या मिळून ४,००० च्या वजावटी, शिवाय घरपट्टीची समजा १०,००० ची वजावट काढली तर ४०,५०० वर कर: सुमारे ६४० डॉलर. छताच्या सहा हजारांवर राज्याने दहा टक्क्यांहून जास्त घेतले, आणि राज्याचा त्या उत्पन्नगटासाठी छापलेला दर आहे पावणेदोन टक्के.

वरच्या पायरीवर तर याहून वाईट. त्याच जोडप्याने १,४६,००० काढले, व्याज ४,०००, म्हणजे बरोबर दीड लाख. वगळलेली रक्कम ३६,५००. व्याज एक डॉलर जास्त आले तर ती सगळी जाते, आणि ५.५२५ टक्क्यांच्या टप्प्यात कर दोन हजार डॉलरने वाढतो. एका डॉलरपायी दोन हजार. जो हे जाणतो तो डिसेंबरात हिशेब करून काढायची रक्कम जानेवारीवर ढकलतो. जो जाणत नाही, त्याला एप्रिलमध्ये कळते. उताराच्या जागी अशा उभ्या पायऱ्या ठेवणे हा कायदा लिहिणाऱ्यांचा आळस आहे. मर्यादेच्या पुढे दर डॉलरमागे सूट थोडी थोडी कमी करत नेता आली असती. इतर राज्यांनी तसे केलेही आहे.

आणि हेही सांगायला हवे की एडिसनच्या त्या जोडप्याच्या खर्चात प्राप्तिकर हा मोठा आकडा नाहीच. न्यू जर्सीत सरासरी घरपट्टी वर्षाला १०,००० डॉलरच्या आसपास आहे, देशात सर्वांत जास्त. तिच्यापोटी ज्येष्ठांना काही रक्कम परत देण्याच्या योजना राज्याने आणल्या आहेत. त्यांचे अर्ज मुदतीत भरणे अनेकदा प्राप्तिकर वाचवण्यापेक्षा फायद्याचे असते. हेच जोडपे ९९,००० च्या उत्पन्नावर कॅलिफोर्नियात असते, तर सोशल सिक्युरिटी तिथेही माफ, पण ४०१-के वर कुठलीही सूट नाही, म्हणून दीड-दोन हजार डॉलर कर बसला असता. १३.३ टक्क्यांचा जो दर ऐकून लोक कॅलिफोर्नियाला भितात, तो कोट्यधीशांचा दर आहे. पेन्शनवर जगणाऱ्याला तो कधी लागत नाही.

नोकरी कोणाची होती यावरून भेद करण्याची खोड राज्यांना फार जुनी. मिशिगन राज्य आपल्या स्वतःच्या निवृत्त कर्मचाऱ्यांच्या पेन्शनवर कर घेत नसे, केंद्र सरकारच्या निवृत्तांकडून घेत असे. पॉल डेव्हिस हे केंद्र सरकारचे निवृत्त कर्मचारी कोर्टात गेले. मार्च १९८९ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने आठ विरुद्ध एक मतांनी त्यांच्या बाजूने निकाल दिला: केंद्राच्या सेवकाला केवळ तो केंद्राचा म्हणून वेगळे वागवता येणार नाही. अशी पद्धत तेव्हा वीसहून जास्त राज्यांत होती, त्यामुळे सगळीकडे कायदे बदलावे लागले आणि परताव्यांचे दावे वर्षानुवर्षे चालले. नॉर्थ कॅरोलिनात त्यातून निघालेली एक तारीख आजही जिवंत आहे. १२ ऑगस्ट १९८९ पर्यंत ज्या सरकारी नोकराची पाच वर्षे भरली होती, त्याच्या पेन्शनला तिथे आजन्म माफी. त्यानंतर भरली, तर कर. दोन शेजारी टेबलांवर काम केलेल्या माणसांत एका आठवड्याच्या फरकाने आयुष्यभराचा फरक पडला.

तरी खोड गेली नाही. वेस्ट व्हर्जिनियाने राज्यातल्या काही निवृत्त पोलीस आणि अग्निशमन कर्मचाऱ्यांना पेन्शनवर पूर्ण सूट दिली होती. जेम्स डॉसन हे केंद्राच्या मार्शल सेवेतले निवृत्त अधिकारी; काम तसेच, सूट नाही. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकमताने राज्याचा कायदा चुकीचा ठरवला. रेल्वेच्या निवृत्तांना या लढाया लढाव्या लागत नाहीत, कारण रेल्वे निवृत्तिवेतनाला राज्यांनी हात लावायचा नाही असे केंद्राच्या कायद्यातच लिहिलेले आहे. खासगी नोकरीतल्या माणसाला असे कुठलेच कवच नाही. न्यूयॉर्क आजही सरकारी पेन्शन पूर्ण सोडते आणि खासगी पेन्शनीतले माणशी २०,००० डॉलरच.

मिशिगनने पुढे जन्मसालावरून रेघ ओढली. २०११ मध्ये गव्हर्नर रिक स्नायडर यांच्या काळात पेन्शनवर कर आला तो तीन थरांत: १९४६ पूर्वी जन्मलेल्यांना जुन्या सवलती कायम, १९४६ ते १९५२ मधल्यांना मर्यादित सूट, त्यानंतर जन्मलेल्यांना सदुसष्टीपर्यंत पेन्शनवर जवळजवळ काही सूट नाही. मोटारींच्या कारखान्यात एकाच दिवशी कामाला लागलेले दोघे, एक डिसेंबर १९४५ चा, दुसरा जानेवारी १९४६ चा, पेन्शन सारखीच, आणि राज्याचा कर वेगळा. लोकांचा यावरचा राग बारा वर्षे धुमसत राहिला. २०२३ मध्ये गव्हर्नर ग्रेचेन व्हिटमर यांनी तो कायदा बदलला आणि चार वर्षांत टप्प्याटप्प्याने, २०२६ पर्यंत, जुन्या सवलती परत आणल्या.

या राज्यांच्या बाजूने एक गोष्ट मान्य करायला हवी. निवृत्त माणूस शाळेवर भार टाकत नाही, स्थानिक दुकानांत खर्च करतो, आणि कर फार झाला तर गाडी भरून फ्लोरिडाला जाऊ शकतो. त्याला धरून ठेवावेसे वाटणे समजण्यासारखे आहे. शिवाय ज्येष्ठ लोक नेमाने मतदान करतात. पण साठीपुढची माणसे वाढत चालली असताना त्यांचे उत्पन्न सरसकट सोडून दिले, तर रस्ते, शाळा, इस्पितळे यांचा बोजा कामावर जाणाऱ्या तरुणांवर पडतो, ज्यांच्यात मुले वाढवणारे, कर्ज फेडणारे सगळे आले. मिनेसोटाचा मार्ग मला जास्त पटतो: जोडप्याचे उत्पन्न साधारण एक लाख डॉलरपर्यंत असेल तर सोशल सिक्युरिटीवर कर नाही, पुढे सूट हळूहळू कमी. यात कोणाचा साहेब कोण होता, हे विचारावे लागत नाही.

आता राहते राज्य बदलण्याचा प्रश्न, आणि इथे मराठी घरांचा संबंध थेट येतो. पूर्वी कॅलिफोर्नियासारखी राज्ये असा दावा करत की पेन्शन आमच्याकडच्या नोकरीतून मिळाली आहे, तेव्हा तुम्ही आता नेव्हाडात राहत असलात तरी कर आम्हाला द्या. नेव्हाडातले निवृत्त लोक याविरुद्ध उठले, त्यांच्या खासदार बार्बरा व्हुकानोविच यांनी विधेयक मांडले आणि १० जानेवारी १९९६ रोजी अध्यक्ष क्लिंटन यांनी त्यावर सही केली. तेव्हापासून, जो आता आपला रहिवासी नाही त्याच्या पेन्शनवर, ४०१-के वर किंवा आयआरएवर कुठल्याही राज्याला कर लावता येत नाही. हा नियम फ्लोरिडाला गेलेल्याला लागू आहे, तसाच पुण्यात परतलेल्यालाही. मात्र तो निवृत्तीच्या पैशापुरताच आहे. मागे ठेवलेल्या घराचे भाडे, ते घर विकून झालेला नफा, कॅलिफोर्नियात काम करताना मिळवलेले शेअरचे पर्याय, यांवर जुने राज्य कर घेऊ शकते.

आणि ‘आता रहिवासी नाही’ हे नुसते म्हणून भागत नाही. घर तसेच ठेवले, ड्रायव्हिंग लायसन्स तेच, मतदार यादीत नाव तिथेच, डॉक्टर तिथलेच, उन्हाळाभर मुक्काम तिथेच, अशा माणसाला न्यूयॉर्क किंवा कॅलिफोर्निया सहजी सोडत नाही. न्यूयॉर्कमध्ये कायमचे राहण्याजोगे घर असेल आणि वर्षातले १८३ हून जास्त दिवस तिथे गेले, तर मूळ गाव कुठलेही असो, माणूस रहिवासी ठरू शकतो. तिथले तपासनीस फोनची आणि क्रेडिट कार्डाची बिले मागवतात, आणि जिवाभावाच्या वस्तू, घरातले जुने फोटो, कुठल्या घरात आहेत हेही पाहतात. भारतात कायमचे परतताना लायसन्स परत करणे, मतदार यादीतले नाव काढणे, शेवटच्या वर्षाचे अर्धवट निवासाचे रिटर्न भरणे ही कामे म्हणूनच टाळू नयेत.

परतल्यावर राज्याचा हिशेब संपतो आणि दिल्लीचा सुरू होतो. भारतात निवासी ठरलेल्या माणसाच्या जगभरातल्या उत्पन्नावर भारत कर लावतो. परदेशी निवृत्तीखात्यातली वाढ दरवर्षी धरायची की पैसे काढताना, या वादावर २०२१ मध्ये प्राप्तिकर कायद्यात ८९ए हे कलम आले, आणि पुढच्या वर्षी अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडा हे देश त्यासाठी जाहीर झाले. उलट दिशेने, म्हणजे मुलांकडे कॅलिफोर्नियात राहायला गेलेल्या आईवडिलांनी, दोन देशांतला करार दाखवून तिथल्या राज्याकडे माफी मागू नये. करार केंद्र सरकारने केलेला असतो, आणि कॅलिफोर्निया त्यातल्या करमाफी सहसा मानत नाही.

जागा बदलायची ठरलीच असेल तर कामांचा क्रम बघावा. नेहमीच्या आयआरएतले पैसे रॉथमध्ये वळवले की ती सगळी रक्कम त्या वर्षीचे उत्पन्न धरली जाते, आणि त्या वेळी माणूस जिथला रहिवासी असेल ते राज्य त्यावर कर घेते. कॅलिफोर्नियात असताना दोन लाख डॉलर वळवणाऱ्याला राज्याचा मोठा कर लागतो. टेक्ससला स्थायिक झाल्यावर वळवले तर राज्याचा काहीच नाही. इलिनॉय आणि पेन्सिल्व्हेनियातही अशा बदलावर निवृत्तांना राज्याचा कर नाही, तेव्हा तिथून दुसऱ्या राज्यात निघालेल्याने हे काम निघण्याआधीच उरकावे. पूर्वी असा बदल चुकला तर मागे फिरवता येत असे. २०१७ च्या करकायद्याने ती मुभा काढून घेतली आहे.